बंदूक, फाशी आणि मधले दिवस



साखरखेर्ड्याहून आम्ही बोलतोय. आम्ही म्हणजे इथल्या बचत गटातल्या बाया. माइकपुढे एकीला बसवलंय, पण जे सांगणार आहोत ते सगळ्यांनी बैठकीत बसून ठरवलेलं आहे. हातात काम असेल तर ते चालू द्या, कान मात्र इकडे ठेवा.

मागच्या एका बैठकीत बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले, आणि एकीनं मोबाईलवर आलेली बातमी वाचून दाखवली. एका पोरीवर झालेल्या अत्याचाराची बातमी होती. वाचता वाचता तिचाच आवाज बसला. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एक म्हणाली, "अशायले भर चौकात फाशी द्या, मंग पाहा कोन हात लावते ते." दुसरी म्हणाली, "बंदुका, तलवारी, समदं बंद करा सरकारनं." आमच्यात एक आजी आहेत, सत्तरीच्या. त्या पाय पसरून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "माय, आपल्या गल्लीत बंदूक कोनं पाह्यली व? मारनाऱ्याले घरातली कुऱ्हाड पुरते."

त्या दिवशी बैठक उशिरापर्यंत चालली. दोन प्रश्न समोर आले. हत्यारांवर बंदी घातली तर मारामाऱ्या, खून कमी होतात का? आणि शिक्षा कडक केली, फाशी ठेवली, तर गुन्हेगार घाबरतात का? आम्ही काही वकील नाही. पण माहिती काढली, वाचली, आणि आमच्या स्वतःच्या गटात जे घडलं तेही तपासून पाहिलं. तेच आज सांगतो.

आधी हत्याराचं बोलू. आपल्या साखरखेर्ड्याला हत्यारं नवी नाहीत. १७२४ साली इथंच निजाम-उल्-मुल्क आणि मुबारिजखान यांची मोठी लढाई झाली. निजाम जिंकला आणि गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं गेलं. शाळेत आपण हे अभिमानानं सांगतो. पण ती राजांची लढाई होती. आज आपण बोलतोय ते घरातल्या, गल्लीतल्या, बांधावरच्या हिंसेबद्दल.

आपल्या देशात बंदुकीवर पूर्ण बंदी नाही, पण परवाना लागतो आणि कायदा कडक आहे. इंग्रजांनी १८७८ साली शस्त्र कायदा केला, तो लोकांच्या हातून हत्यारं काढून घेण्यासाठी. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली आपला कायदा आला. २०१९ साली तो आणखी कडक झाला. पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता यायच्या, आता दोनच. लग्नाच्या वरातीत हौसेनं गोळी झाडणं हाही गुन्हा झाला.

याचा उपयोग होतो का? होतो, हे कबूल केलं पाहिजे. अमेरिकेत माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत. तिथं वर्षाला चाळीस हजारांच्या वर माणसं गोळीनं मरतात, आणि त्यात निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. ज्या घरात बंदूक आहे, त्या घरातल्या मार खाणाऱ्या बाईचा जीव जायचा धोका कितीतरी वाढतो, असं तिथल्याच अभ्यासकांनी दाखवून दिलंय. ऑस्ट्रेलियात १९९६ साली एका माणसानं ३५ जणांना गोळ्या घालून मारलं. तिथल्या सरकारनं काही दिवसांतच कायदा बदलायचं ठरवलं आणि लोकांकडून साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. त्यानंतर तिथं बंदुकीनं होणारे मृत्यू बरेच कमी झाले. म्हणजे जिथं मारायचं साधन बंदूक आहे, तिथं बंदूक काढून घेतली की जीव वाचतात.

आपल्याकडेही मध्य प्रदेशच्या सीमेवरून गावठी कट्टे येतात, पोलीस पकडतात, बातम्या येतात. ते थांबलंच पाहिजे. पण त्यानं आपला प्रश्न सुटतो का, हे पाहायला आपल्या जवळचंच उदाहरण घ्या. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात मस्साजोग नावाचं गाव आहे. तिथले सरपंच संतोष देशमुख यांचं ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण झालं आणि त्यांचा खून झाला. सगळा महाराष्ट्र हादरला. मोर्चे निघाले. मग बाहेर आलं की बीड जिल्ह्यात बंदुकीचे बाराशेच्या वर परवाने आहेत. प्रशासनानं ते तपासले आणि शंभरावर परवाने रद्द केले. चांगलंच केलं. पण मैत्रिणींनो, त्या सरपंचांना बंदुकीनं मारलं नव्हतं. पाइपांनी, गजांनी, काठ्यांनी मारलं, असं तपासात पुढं आलं. त्याला कुठला परवाना लागतो?

आमच्या आजी म्हणत होत्या ते हेच. आणि ही गोष्ट कायद्यालाही माहीत आहे. तलवार, खंजीर, भाला हे शस्त्र कायद्यात येतात. नऊ इंचांपेक्षा लांब पात्याचं हत्यारही येतं. पण शेतीच्या आणि घरच्या कामाच्या वस्तू त्यातून वगळलेल्या आहेत. वगळाव्याच लागतात. विळा, खुरपं, कुऱ्हाड बंद केली तर आपण खायचं काय? पुण्यात कोयता घेऊन दहशत माजवणाऱ्या पोरांच्या टोळ्या वाढल्या, तेव्हा २०२३ च्या सुरुवातीला पोलिसांनी दुकानदारांना सांगितलं की कोयता विकताना आधार कार्ड घ्या. शहरात ते ठीक असेल. पण बीड-जालन्याकडून ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच मुकादम "एक कोयता" म्हणतो. ज्या वस्तूच्या नावानं माणसाची मजुरी मोजली जाते, ती वस्तू बंद कशी करणार?

आपल्या विदर्भातली आणखी दोन प्रकरणं आठवा. भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातल्या आईला, मुलीला आणि दोन मुलांना जमावानं मारून टाकलं. जमावाच्या हातात काठ्या, कुऱ्हाडी, सायकलच्या साखळ्या होत्या. दुसरं वर्धा जिल्ह्यातलं हिंगणघाट. फेब्रुवारी २०२० मध्ये कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेवर भर रस्त्यात पेट्रोल टाकून तिला पेटवलं. आठवडाभर झुंजून ती गेली. पेट्रोल तर प्रत्येक मोटरसायकलमध्ये आहे. ॲसिडचंही तसंच. २०१३ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ओळखपत्र पाहिल्याशिवाय ॲसिड विकायचं नाही, अठरा वर्षांखालच्याला तर नाहीच. तरी संडास धुवायची बाटली आजही पन्नास रुपयांच्या आत हातात मिळते. तुम्हीही घेतली असेल, आम्हीही घेतो.

म्हणून आमचं पहिलं म्हणणं असं. हत्यारावरची बंदी हवी, बंदुकीवर तर हवीच. पण आपल्या घरातली आणि गावातली हिंसा ज्या वस्तूंनी होते, त्या वस्तू बंदीत बसत नाहीत.

आता फाशीकडे येऊ. राग आला की फाशी हा शब्द तोंडात येतोच. आमच्याही येतो. तो राग खोटा नाही. पण रागानं केलेल्या कायद्यांचं पुढं काय झालं, ते पाहू.

१६ डिसेंबर २०१२ ला दिल्लीत बसमध्ये त्या मुलीवर अत्याचार झाला. देश रस्त्यावर आला. सरकारनं न्यायमूर्ती वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. लोकांकडून ऐंशी हजारांच्या आसपास सूचना आल्या, आणि समितीनं महिनाभरात अहवाल दिला. समितीनं कायदा कडक करायला सांगितला, पण बलात्काराला फाशी ठेवा असं सांगितलं नाही. जोर दिला तो पोलिसांनी तक्रार घेण्यावर, तपासावर आणि बाईला सन्मानानं वागवण्यावर. तरी पुढं फाशीची कलमं वाढत गेली. २०१३ ला वाढली, २०१८ ला बारा वर्षांखालच्या मुलीवरच्या अत्याचाराला फाशी आली, २०१९ ला पोक्सो कायद्यातही आली. दिल्लीच्या त्या चार गुन्हेगारांना २० मार्च २०२० ला फाशी झाली. गुन्हा घडून सव्वासात वर्षं झाली होती. एवढं होऊन अत्याचाराच्या बातम्या थांबल्या का? याचं उत्तर आपल्याला रोज मोबाईल देतो.

आपल्या राज्यानंही शक्ती कायदा करायचं ठरवलं होतं. अत्याचाराच्या अतिगंभीर गुन्ह्याला फाशी, तपासाला आणि खटल्याला दिवसांची मर्यादा. डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केलं. पण राष्ट्रपतींची संमती लागत होती, आणि ती काही मिळाली नाही. कायदा कागदावरच राहिला.

आणि ज्या खटल्यांत फाशी सुनावली, तिथं तरी काय झालं? खैरलांजीत भंडाऱ्याच्या कोर्टानं २००८ साली सहा जणांना फाशी सुनावली. २०१० साली नागपूर खंडपीठानं ती बदलून २५ वर्षांची सक्तमजुरी केली. मुंबईच्या शक्ती मिल प्रकरणात २०१४ साली तिघांना फाशी सुनावली, २०२१ साली हायकोर्टानं तीही जन्मठेपेवर आणली. आम्ही कोर्टाला नावं ठेवत नाही. एवढंच सांगतो, की फाशी ऐकायला मोठी वाटते, पण हातात पडते ती वर्षानुवर्षांची वाट. देशाच्या विधी आयोगानं २०१५ साली याचा अभ्यास करून सांगितलं की जन्मठेपेपेक्षा फाशीनं माणूस जास्त घाबरतो, याला पुरावा नाही.

मग माणूस घाबरतो कशाला? तो घाबरतो "आपण पकडले जाणार" याला. शिक्षा किती मोठी, यापेक्षा शिक्षा नक्की होणार का, हे तो पाहतो. शेतातलंच बघा. कुंपणाला वीज सोडल्याची नुसती पाटी लावली आणि वीज कधीच नसली, तर डुक्कर चार दिवसांत ओळखतं. देशात बलात्काराचे जे खटले निकालापर्यंत जातात, त्यात २०२२ साली शंभरातल्या २७ च्या आसपास खटल्यांतच गुन्हा सिद्ध झाला. बाकीचे सुटले. आणि जे पोलीस ठाण्यापर्यंत आलेच नाहीत, त्यांची तर मोजदादच नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला बैठकीत बोलता बोलताच कळली. नोंदलेल्या बलात्कारांमध्ये शंभरातल्या नव्वदहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, कुटुंबाचा मित्र. आता विचार करा. पोरीनं आईला सांगितलं की काकानं असं केलं. आईला माहीत आहे की तक्रार केली तर दिराला फाशी होईल. घरातले सगळे तिच्यावर तुटून पडतील, "माणूस मारशील काय?" म्हणतील. शिक्षा जितकी मोठी, तितकं घर त्या पोरीचं तोंड जास्त दाबणार. आणि गुन्हेगारालाही वाटणार की पोर जिवंत राहिली तर आपण मेलो. हे ऐकल्यावर चौकात फाशी द्या म्हणणारी आमची मैत्रीण बराच वेळ गप्प बसली.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतल्या दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाला. लोक रेल्वे रुळांवर उतरले, "फाशी द्या" म्हणाले. पण त्या घरच्यांना सुरुवातीला तक्रार नोंदवून घ्यायलाच तासन् तास ताटकळावं लागलं, त्यावर हायकोर्टानंही पोलिसांना सुनावलं. फाशीची कलमं तेव्हाही कायद्यात होती. त्या तासांत त्यांचा काय उपयोग झाला?

इथं आम्हाला एक धागा सापडला. बंदी असते वस्तूवर, शिक्षा येते गुन्ह्यानंतर. पण गुन्हा अचानक आभाळातून पडत नाही. त्याच्या आधी काही दिवस असतात. त्या दिवसांत धमकी येते, पहिला मार होतो, पाठलाग होतो, तक्रार होते. आम्ही त्यांना "मधले दिवस" म्हणायला लागलो.

खैरलांजी परत पाहा. त्या महिन्याच्या सुरुवातीला एका माणसाला मारहाण झाली होती. भोतमांगे मायलेकी त्यात साक्षीदार होत्या. त्यांनी मारणाऱ्यांची नावं सांगितली. त्यांना अटक झाली, २९ तारखेला जामीन मिळाला, आणि त्याच संध्याकाळी हल्ला झाला. साक्ष देणाऱ्या बाईच्या घराबाहेर त्या संध्याकाळी कोणी उभं असतं तर? मस्साजोग पाहा. ६ डिसेंबरला पवनचक्कीच्या जागेवर भांडण झालं, त्यात सरपंच गावच्या माणसाच्या मदतीला गेले होते. ९ तारखेला त्यांचा जीव गेला. मधल्या तीन दिवसांत वेळीच पावलं उचलली नाहीत, असं गावकऱ्यांचं म्हणणं आहे, आणि पुढं पोलीस अधिकाऱ्यावर निलंबनाची कारवाईही झाली. हिंगणघाटचा गुन्हेगार त्या मुलीच्याच गावचा, ओळखीचा, तिच्या मागे लागलेला होता. त्याला २०२२ साली जन्मठेप झाली. झाली ते बरंच झालं. पण ती मुलगी परत आली नाही.

आता आमचं स्वतःचं सांगतो. हे सांगायला सोपं नाही. जिची गोष्ट आहे, तिला विचारून सांगतोय. नाव सांगणार नाही.

आमच्या गटातली एक मैत्रीण एका बैठकीला मनगटाला फडकं बांधून आली. विचारलं तर म्हणाली, गोठ्यात पाय घसरला. आम्ही एकमेकींकडे पाहिलं, कळलं सगळ्यांना, पण बोललं कोणी नाही. पुढच्या बैठकीत तिनं दोन हजार रुपये कर्ज मागितलं. माहेरी जायचं म्हणाली. तिचा आधीचा हप्ता थकला होता. आम्ही म्हणालो, नियम तो नियम, आधी थकबाकी भर. ती काही बोलली नाही. त्यानंतरच्या बैठकीला ती आलीच नाही. आम्ही गैरहजेरीचा दहा रुपये दंड लावला.

त्याच आठवड्यात रात्री तिच्या नवऱ्यानं कुऱ्हाड उचलली. घाव खांद्यावर बसला. ती तशीच पळत शेजारी गेली. शेजारणीनं दार उघडलं, तिला आत घेतलं आणि आतून कडी लावली. म्हणून ती आज आहे. हात पूर्ण वर जात नाही, निंदायला बसली की दुखतो, पण आहे.

नंतर हिशेबासाठी आम्ही वही उघडली. एका पानावर लिहिलेलं होतं, कर्ज नामंजूर. दुसऱ्या पानावर, गैरहजर. त्याच्या पुढं, दंड १० रुपये. बायांनो, तिचे मधले दिवस आमच्याच वहीत, आमच्याच अक्षरात, तारखेसकट लिहिलेले होते. आम्ही सरकारला विचारत होतो की तुम्ही काय केलं. तिनं आमच्याकडे दोनदा दार वाजवलं होतं, आणि आम्ही थकबाकी पाहत बसलो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं की महाराष्ट्रात लग्न झालेल्या चौघींतली एक नवऱ्याकडून हिंसा सोसते. आणि देशभरात हिंसा सोसणाऱ्या शंभर जणींतल्या फक्त १४ जणी कुणाकडे मदत मागतात. तिनं तर मागितली होती.

त्यानंतर आम्ही जे बदललं, ते सांगतो. पटलं तर तुमच्याही गटात करा.

पहिलं, गैरहजेरीचा दंड बंद केला. जी न सांगता बैठकीला आली नाही, तिच्या घरी त्याच दिवशी दोघी जणी जातात. चहा मागतात, बसतात, डोळ्यांनी पाहतात. बहुतेक वेळा ताप असतो किंवा पाहुणे असतात. असू द्या. एकदा वेगळं निघालं तरी चालणं कामी आलं.

दुसरं, अडीअडचणीसाठी वेगळी पेटी ठेवली. प्रत्येक महिन्याला दर बाईमागे दहा रुपये. माहेरी जायचं असेल, दवाखान्यात जायचं असेल, तर थकबाकी पाहायची नाही. अध्यक्ष आणि सचिव दोघींनी हो म्हटलं की त्याच वेळी पैसे द्यायचे. लिहायचं मागून.

तिसरं आमच्या आजींनी सुचवलं. ज्या घरात दारू पिऊन भांडण होतं, तिथली कुऱ्हाड, विळा आणि फवारणीचं औषध शेजारणीकडे ठेवायचं. सकाळी कामाला लागलं की घेऊन जायचं. सरकारची बंदी जिथं पोचत नाही, तिथं ही आमची बंदी. यानं मारणारा सुधरत नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण रागाच्या घटकेला हातात काही सापडलं नाही, तर पळायला वेळ मिळतो.

चौथं, वहीच्या पुठ्ठ्यावर नंबर लिहिले. ११२ पोलिसांचा. १८१ महिलांच्या मदतीचा. १०९८ मुलांसाठी. १५१०० मोफत वकिलाचा. बाईला सरकारी वकिली मदत मोफत मिळते, तिचं उत्पन्न किती आहे ते पाहत नाहीत. तुम्हीही आत्ता लिहून घ्या. आम्ही परत सांगतो. ११२, १८१, १०९८, १५१००.

पाचवं, तक्रार कशी करायची ते शिकलो. पोलीस ठाण्यात एकटीनं जायचं नाही. मार लागला असेल तर आधी सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्यायचा. सांगताना लाजायचं नाही. कुऱ्हाड उगारली, जीवे मारीन म्हणाला, किती वेळा म्हणाला, सगळं सांगायचं. नुसतं "भांडण झालं" म्हटलं तर एनसी होते आणि घरी पाठवतात. गुन्हा दखलपात्र असेल तर एफआयआर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, सुप्रीम कोर्टानं २०१३ सालीच तसं सांगितलंय. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. त्यानुसार गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यायची. घेतलीच नाही तक्रार, तर पोलीस अधीक्षकांना टपालानं लेखी पाठवता येते.

आणि पोलिसात जायची मनाची तयारी नसेल, तरी एक वाट आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा. त्यासाठी संरक्षण अधिकारी असतात, त्या अर्ज भरून देतात. अर्ज आल्यावर तीन दिवसांत पहिली तारीख द्यावी आणि साठ दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करावा, असं कायद्यात म्हटलंय. मारू नको, घराबाहेर काढू नको, असा आदेश कोर्ट देऊ शकतं. तो मोडला तर एक वर्षापर्यंत तुरुंग किंवा वीस हजारांपर्यंत दंड. शिक्षा छोटी आहे. पण हा आदेश मधल्या दिवसांत मिळतो, म्हणून आम्हाला तो फाशीपेक्षा मोठा वाटतो.

सहावं आणि सगळ्यात अवघड. साक्ष. आमच्या मैत्रिणीचा खटला चालू आहे. जिनं दार उघडलं ती शेजारीण मुख्य साक्षीदार. तिच्या घरी माणसं येऊन बसतात. "झालं गेलं विसरा, लेकरांचा बाप आहे तो, कशाला घर मोडता?" तिचा नवराही म्हणतो, आपल्याला काय करायचं. इथंच खटले सुटतात, मैत्रिणींनो. फाशी द्या म्हणणारे चौकात हजार जण असतात, कोर्टात उभं राहायला एक जण मिळत नाही. साक्षीदाराला धोका असेल तर जिल्हा न्यायालयात संरक्षणासाठी अर्ज करता येतो, तशी योजना सुप्रीम कोर्टानं २०१८ साली देशभर लागू केली आहे. तो अर्ज करायचं आम्ही तिला सांगितलंय. आणि तारखेला आम्ही पाच जणी तिच्यासोबत जाणार. मजुरी बुडेल, ती अडचणीच्या पेटीतून भरून देऊ.

परवा ती शेजारीण आम्हाला म्हणाली, "त्या राती दार उघडतानी मी काही इचार केला नाही. आता कोर्टात जायाचं म्हनलं की पोटात गोळा येते." आम्ही तिला धीर द्यायला गेलो, तर आजी म्हणाल्या, "गोळा येऊ दे माय. आमी संगं हाओ."

शेवटी, आमच्या बैठकीत सगळ्यांचं एकमत झालं असं समजू नका. चौकात फाशी द्या म्हणणारी आमची मैत्रीण अजूनही म्हणते की काही गुन्ह्यांना फाशीच पाहिजे. ठीक आहे, तिचं मत तिच्यापाशी. पण गैरहजर बाईच्या घरी जायची पाळी आली की तीच सगळ्यात आधी चपला घालते.

सिंदखेडराजा आपल्यापासून दूर नाही. १२ जानेवारीला आपण जिजाऊंच्या जन्मस्थानी गर्दी करतो, आणि त्यांच्या लेकरानं तलवार कशी चालवली ते ऐकतो. या वर्षी तिथून घरी येताना एवढं करा. तुमच्या गटातली कोण दोन बैठकींपासून आली नाही, ते आठवा. आणि घरी जायच्या आधी तिच्या दारावरून जा.